तरुण शिकाऱ्यास कोणती दुर्बीण द्यावी?

आमच्या चोपड्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला, की त्याला रानाची ओढ लागते. प्रथम हाती गलोल येते, पुढे छऱ्याच्या बंदुकीचा हट्ट सुरू होतो, आणि घरात दोन पक्ष पडतात. आजी म्हणतात, जीवहत्येचे पाप आपल्या उंबऱ्याच्या आत नको. काका म्हणतात, मोबाईलमध्ये तोंड घालून बसण्यापेक्षा पोरगा रानात गेला तर बिघडले कुठे? आमच्या मते दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोघांचेही समाधान करील अशी वस्तू बाजारात मिळते. ती म्हणजे दुर्बीण. मात्र ती पारखून घ्यावी लागते. म्हणून या महिन्याचे सदर आम्ही तिलाच वाहिले आहे.

प्रथम त्या हट्टाचाच विचार करू. मनूने कामज व्यसने मोजताना मृगयेला अग्रस्थान दिले आहे. उलट शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापती तिची मुक्तकंठाने स्तुती करतो: मृगयेने अंग हलके व चपळ होते, भय आणि क्रोध यांनी प्राण्यांचे चित्त कसे पालटते ते कळते, आणि हलत्या लक्ष्यावर नेम साधतो. यांपैकी पहिल्या दोन लाभांसाठी बाणाची गरज मुळीच नाही. तिसऱ्याविषयी म्हणाल, तर पानापानांतून उड्या मारणारा वटवट्या दुर्बिणीच्या वर्तुळात पकडून ठेवणे हेही नेमबाजीहून सोपे नाही. आणि ज्या तपस्व्याने पहिल्याच अंकात हात वर करून दुष्यंताला थांबविले, त्याचे काम आता कायदा करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर कडक निर्बंध आले, आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे दार बंदच झाले. छऱ्याने पाडलेला पक्षी हा आता पोरखेळ राहिलेला नाही, हे वडीलधाऱ्यांनी मुलास स्पष्ट सांगावे.

सांगावे, पण त्याचा उत्साह मारू नये. सालिम अली (१८९६–१९८७) हे पोरके झाल्यावर मुंबईस मामांच्या मोठ्या कुटुंबात वाढले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली; तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असे त्यांनी मामांस विचारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी होते. त्यांनी मुलाला रागे न भरता १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविले. तेथे मिलार्डसाहेबांनी त्याला जतन केलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखविली. त्या एका भेटीतून हिंदुस्थानला त्याचा थोर पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. घरातील एका वडीलधाऱ्याने मुलाच्या प्रश्नाला मान दिला, म्हणून हे घडले.

आमच्या खानदेशातही असा एक दाखला आहे. रानपिंगळा नावाचे वीतभर उंचीचे घुबड १८७३ साली ह्यूमसाहेबांनी शास्त्रात नोंदविले. त्याचे मोजके नमुने बंदुकीने मिळविले गेले. त्यांपैकी शेवटचे खानदेशातीलच, आणि १८८४ नंतर पक्ष्याचा पत्ताच नाही! पुढे माइनर्टझहागेन नावाच्या एका नामांकित इंग्रज संग्राहकाने १९१४ साली गुजरातेत एक रानपिंगळा मारल्याचे सांगितले. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने तपास केला, तेव्हा तो पक्षी जुन्या संग्रहातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला. त्या खोट्या चिठ्ठीने शोधकांना भलत्याच ठिकाणी फिरविले होते. ती बाजूला सारून रासमुसेनबाई, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट हे जुन्या खऱ्या ठिकाणी आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या सातपुड्यात, उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. एकशे तेरा वर्षांनी तो पक्षी परत सापडला, तो गोळीवाचून. पुढे आमच्या शेजारच्या यावल अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे असते. हा भेद साध्या डोळ्यांनी दुरून दिसत नाही, आणि वाईट दुर्बिणीतूनही दिसत नाही. म्हणून आता निवडीकडे वळू.

दुर्बिणीवर ८×४२ असे दोन आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो; आठाच्या दुर्बिणीतून ऐंशी मीटरांवरचा पक्षी दहा मीटरांवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा पुढील भिंगाचा व्यास मिलीमीटरांत सांगतो. दुसऱ्यास पहिल्याने भागले, की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. येथे ती सव्वापाच मिलीमीटर होते. भर उन्हात बाहुली दोन-तीन मिलीमीटर उघडते, पण झुंजूमुंजू किंवा दिवेलागणीस ती मोठी होते. आणि रान जागे असते ते याच वेळी. यासाठी ८×४२ अथवा ८×४० हेच माप नवशिक्यास योग्य.

वीसपट, तीसपट अशा जाहिरातींस भुलू नये. पक्ष्याबरोबर हाताचा कंपही तितकाच पट मोठा होतो, आणि दिसणारे क्षेत्र अरुंद झाल्याने पक्षी सापडण्याआधीच उडून जातो. वर्धन कमीजास्त करता येणाऱ्या स्वस्त दुर्बिणी आणि लालभडक लेपाची भिंगे यांपासूनही दूर राहावे.

आतील लोलकांच्या रचनेवरून दुर्बिणीचे दोन प्रकार होतात. खांदे रुंद असलेली ती पोरो पद्धतीची, सरळ नळ्यांची ती रूफ पद्धतीची. दुसरी सुटसुटीत खरी, पण ती चांगली बनविणे खर्चाचे असते; सारख्या कमी किमतीत पोरोच बहुधा सरस ठरते. साधारण सात ते दहा हजार रुपयांत नामांकित कंपनीची साधी पोरो दुर्बीण मिळू शकते. तिचे लोलक बाक-४ काचेचे असावेत आणि वजन पाऊण किलोच्या आसपास असावे.

दुकानात तीन परीक्षा कराव्या. दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे केल्यावर नेत्रभिंगात दिसणारी प्रकाशाची वर्तुळे पूर्ण गोल असावीत. कडा कापल्यासारख्या दिसल्या तर काच हलकी समजावी. दूरची पाण्याची टाकी दोन्ही डोळ्यांनी पाच मिनिटे पाहावी. प्रतिमा दुहेरी दिसल्यास अथवा डोके जड झाल्यास ती दुर्बीण ठेवून द्यावी. आणि मुलाच्या दोन डोळ्यांतील अंतराइतक्या तिच्या नळ्या जवळ येतात की नाही हे मुलास बरोबर नेऊनच पाहावे. त्यास चष्मा असेल, तर चष्म्यासह पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे. घरपोच मागविल्यास परत करण्याची मुदत संपण्याआधी हीच परीक्षा गच्चीवर करावी.

वापरण्याची रीत अशी. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यापुरते चित्र स्पष्ट करावे. मग डावा मिटून उजव्या नेत्रभिंगाचे कडे फिरवावे. ते कडे एकदा जुळले की हलवू नये. एकत्र कुटुंबात दुर्बीण सर्वांची झाली, तर ते कडे रोज फिरते आणि मुलगा रोज चरफडतो. तेव्हा ती त्याच्या एकट्याच्या ताब्यात असावी. मात्र शुक्ल अष्टमीस आजींना चंद्रावरील विवरे दाखविणे हे त्याचे कर्तव्य ठरवावे. सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नये. दृष्टी कायमची जाते. आमच्याकडील धूळ भिंगावरून आधी फुंकून काढावी, सदऱ्याच्या टोकाने घासू नये. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून ती कोरड्या डब्यात ठेवावी.

दुर्बिणीबरोबर एक वही द्यावी. स्थळ, वेळ, पक्षी काय करीत होता, हे त्याच दिवशी लिहिण्याची सवय लावावी, आणि जे स्पष्ट दिसले नाही ते दिसले असे लिहू नये, हा नियम घालून द्यावा. माइनर्टझहागेनची कथा या नियमाचीच आहे. घरट्याजवळ जाऊ नये आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीनेच पाऊल टाकावे.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनी तो सुरू होतो आणि सालिम अलींच्या जन्मदिनी संपतो. थंडीचे पाहुणे पक्षी तोवर तापीच्या पात्रात आणि अनेर धरणावर उतरू लागलेले असतात. ज्या घरी बंदुकीचा हट्ट चालू असेल, तेथे दिवाळीच्या खरेदीच्या यादीत फटाके कमी करून दुर्बिणीची सोय करावी, असे आम्ही सुचवितो.