कौशिकाचें सत्य

'नीति ज्याची त्याची', असें नातू पंगतींत म्हणतो. आजोबांना तें रुचत नाहीं. पण 'शास्त्रांत सांगितलें आहे' यापुढें त्यांचें उत्तर जात नाहीं. या वादांत महाभारतांतील एक कथा आम्हांस फार मार्मिक वाटते.

कर्णपर्वांतील कौशिक ब्राह्मणानें सदैव सत्य बोलण्याचें व्रत घेतलें होतें. दस्यूंच्या भयानें कांहीं माणसें रानांत शिरलीं. दस्यूंनीं विचारतांच यानें वाट सांगितली. माणसें मारलीं गेलीं, आणि व्रतस्थ कौशिक नरकास गेला. श्रीकृष्ण ही कथा सांगतो तीहि कोणत्या वेळीं? गांडीवाच्या प्रतिज्ञेपायीं अर्जुन युधिष्ठिरावर खड्ग उपसून उभा असतां! प्रजेचें धारण करतो तो धर्म, हा त्याचा निकष. लोकमान्यांनींहि 'गीतारहस्या'च्या (१९१५) 'कर्मजिज्ञासा' प्रकरणांत सत्याच्या अपवादांचा विचार केला आहे.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७९७ सालीं जवळजवळ हाच प्रसंग घेऊन निकाल मात्र उलट दिला. मारेकरी दारांत येऊन 'तुझा मित्र घरांत आहे काय?' असें विचारील, तरीहि खोटें बोलूं नये! हें हंसण्यावारी नेऊं नये. तुम्ही 'नाहीं' म्हणालां, मित्र तुमच्या नकळत बाहेर पडलेला असला आणि परत फिरलेल्या मारेकऱ्यानें त्याला रस्त्यांत गांठलें, तर तो दोष तुमच्याकडे येतो. परिणाम कोणाच्या मुठींत असतात?

निकाल विरुद्ध, तरी येथें बरोबर आणि चूक असें कांहीं आहे, याविषयीं दोघांस शंका नाहीं. आता, दोन ज्योतिषी भांडले म्हणून फलज्योतिष खरें ठरत नाहीं, असें नातू म्हणेल. तें आम्हांस मान्य आहे. पण झाडींत श्वास रोखून बसलेल्या माणसाचें भय तर कोणाच्या आवडीनिवडीवर अवलंबून नाहीं. 'आहे' यावरून 'असावें' आपोआप निघत नाहीं, ही ह्यूमची १७४० मधील हरकत येथें उभी राहते खरी. परंतु त्या झाडींत बसून ती हरकत घेणारा मनुष्य आमच्या कल्पनेंत येत नाहीं.

जो नियम सर्वांस लागू व्हावा असें वाटेल त्याच नियमानें वागावें, ही कांटचीच कसोटी. मग कौशिक स्वतः झाडींत असता, आणि वाटेवर दुसरा कोणी सत्यव्रती बसलेला असता, तर? कांटला आम्ही एवढेंच विचारूं, आणि नातवालाहि.