संकेतस्थळ बंद झाले, तर न्यायालयात जावे

अदलियातील आमच्या शुक्रवारच्या बुद्धवंदनेनंतर चहा होतो, आणि चहाबरोबर गावाकडच्या बातम्या होतात. अलीकडे त्यांत एक नवीन तक्रार वारंवार ऐकू येते. नागपूरचा, लातूरचा, ठाण्याचा कोणीतरी नातलग फोनवर सांगतो की अमुक लेख उघडत नाही, अमुक खाते दिसत नाही. आम्ही येथे तेच पान उघडून पाहतो, तर ते सहज उघडते. भारत सरकारच्या आदेशाने अडवलेला मजकूर बहुधा भारतापुरताच अडवला जातो. समुद्रापलीकडे बसलेल्या आम्हांला तो वाचता येतो. ज्यांच्यासाठी तो लिहिला गेला, त्यांनाच तेवढा मिळत नाही.

आमच्यापैकी बहुतेक जण संगणकाच्या व्यवसायातले. त्यामुळे उत्तर तयार असते: व्हीपीएन लावा. आम्हीही हेच सांगत आलो. आता मात्र हे उत्तर अपुरे आहे, किंबहुना काहीसे घातक आहे, असे आमचे मत झाले आहे. व्हीपीएनने एका वाचकाची एका दिवसाची सोय होते. ज्या आदेशाने पान बंद झाले, तो आदेश जसाच्या तसा राहतो आणि त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. चवदार तळ्याचे पाणी रात्री गुपचूप भरून आणता आलेच असते. बाबासाहेबांनी महाडला तसे केले नाही. पुढे त्या तळ्याचा दावाही त्यांनी दिवाणी न्यायालयापासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत दहा वर्षे लढवला आणि १९३७ साली जिंकला.

बंदी कशी येते, हे आधी समजून घेतले पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९अ केंद्र सरकारला सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था अशा मोजक्या कारणांसाठी मजकूर अडवण्याचा अधिकार देते. त्याखालील २००९ च्या नियमांत कार्यपद्धती आहे. आठव्या नियमाप्रमाणे मजकूर लिहिणाऱ्याला किंवा तो साठवणाऱ्या कंपनीला नोटीस द्यावी लागते आणि उत्तरासाठी किमान ४८ तास द्यावे लागतात. नववा नियम तातडीचा: त्यात सुनावणीशिवाय आधी पान बंद करता येते आणि मग ४८ तासांत प्रकरण समितीपुढे ठेवायचे असते. सोळावा नियम मात्र सगळ्यावर पडदा टाकतो. तक्रार आणि तिच्यावरील कारवाई गुप्त ठेवावी, असे तो सांगतो. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की संपादकाला आपले पान का बंद झाले हे कळत नाही. बरेचदा ते बंद झाले आहे हेसुद्धा वाचकांकडून कळते.

येथे एक गोष्ट आमच्या लोकांनी विसरू नये. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात कलम ६६अ रद्द केले. त्या खटल्याचे मूळ आपल्या पालघरात आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्याबद्दल व त्या पसंत केल्याबद्दल दोन तरुणींना अटक झाली होती. याच निकालाने कलम ६९अ मात्र कायम ठेवले. कायम ठेवण्याची कारणे महत्त्वाची आहेत: आदेशाची कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि म्हणून त्याला अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात आव्हान देता येते. म्हणजे हे कलम ज्या आधारावर टिकले, तो आधारच न्यायालयाचा दरवाजा आहे. त्या दरवाज्यातून कोणी आत गेलेच नाही, तर आधार कागदावर राहतो.

आत गेलेल्यांचे काय झाले? हुंड्याची थट्टा करणारे ‘डावरी कॅल्क्युलेटर’ हे तनुल ठाकूर यांचे उपहासात्मक संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. माहितीच्या अधिकारात त्यांना आदेश मिळाला नाही. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले, इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनने त्यांना कायदेशीर साहाय्य दिले, आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले की आदेशाची प्रत द्या व सुनावणी घ्या. सुनावणीनंतरही समितीने बंदी उठवली नाही. हा विजय अर्धाच, हे आम्ही मान्य करतो. पण त्याआधी लेखकाला आदेशाचा कागदही दिसत नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांवरील एका व्यंगचित्रामुळे तमिळ ‘विकटन’चे संपूर्ण संकेतस्थळ बंद झाले. मद्रास उच्च न्यायालयाने मार्चमध्ये ते खुले करण्यास सांगितले. ते एक चित्र तेवढे तूर्त काढून ठेवण्याची अट घातली. एका पानासाठी अख्खे नियतकालिक बंद ठेवणे योग्य नाही, एवढे तरी त्यातून पदरात पडले. त्याच महिन्यात सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरची याचिका सर्वोच्च न्यायालयात न्या. भूषण गवई व न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्यापुढे आली. लेखक ओळखता येत असेल तर त्याला नोटीस मिळाली पाहिजे, असे प्रथमदर्शनी मत खंडपीठाने व्यक्त केले आणि सरकारला उत्तर मागितले. अमरावतीच्या गवई साहेबांच्या न्यायासनापुढे हा प्रश्न यावा, याचे आम्हांला अप्रूप वाटले, हे लपवीत नाही.

आता एक अवघड प्रकरण. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या पत्रावरून असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराचे संकेतस्थळ बंद झाले. न्यायालयाचा आदेश त्यामागे नव्हता. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये त्याला राजद्रोहाखाली अटक झाली. त्याच्या एका चित्रात संविधानाची विटंबना दाखवली होती. विटंबना करणारे दुसरे आहेत, आपण ती दाखवतो आहोत, असे त्याचे म्हणणे. आम्ही तेव्हा महाविद्यालयात होतो आणि ते चित्र पाहून आमचे डोके फिरले होते. त्याच वर्षी मे महिन्यात शालेय पुस्तकातील बाबासाहेबांवरच्या जुन्या व्यंगचित्रावरून पुण्यात प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची नासधूस झाली. करणारे आपल्यातलेच होते, आणि आम्हांला त्याचे फारसे वाईट वाटले नव्हते. आज वाटते. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये त्रिवेदी प्रकरणात जे म्हटले, ते आम्ही फार उशिरा वाचले: या चित्रांत विनोद नाही, मार्मिकता नाही, पण चिथावणी नसताना तेवढ्या कारणाने अभिव्यक्तीवर घाला घालता येत नाही. ज्या चित्राचा आम्हांला संताप येतो, त्याच्या मालकालाही नोटीस आणि सुनावणी मिळाली पाहिजे. त्याला ती नाकारण्याची सवय सरकारला लागली, की पुढचा नंबर आपल्या लेखकाचा असतो.

बाबासाहेबांनी हे आपल्या वकिलीतून आधीच दाखवून दिले आहे. दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना शिक्षा झाली, तेव्हा १९२६ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात त्यांचे अपील बॅरिस्टर आंबेडकरांनी लढवले आणि जिंकले. पुस्तकाची भाषा जहाल होती. बाबासाहेबांची स्वतःची लेखनपद्धती तशी नव्हती. तरी त्यांनी वकीलपत्र घेतले. आणि संविधान सभेत ९ डिसेंबर १९४८ रोजी ज्या अनुच्छेदाला त्यांनी संविधानाचा आत्मा म्हटले, तो हक्क सांगणारा अनुच्छेद नाही, हक्कासाठी न्यायालयात जाऊ देणारा आहे.

मग येथे बसून आम्ही काय करू शकतो? बरेच काही. बंद झालेले पान आमच्याकडे उघडते, म्हणून त्याची दिनांक-वेळेसह प्रत आम्ही ठेवू शकतो. गावाकडच्या मंडळींनी दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडणीवरून ते न उघडल्याची चित्रे घ्यावीत; कारण बंदी आणि निव्वळ बिघाड यांतला फरक न्यायालयात दाखवावा लागतो. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. ते लिहून देणारा माणूस आमच्यात दर दुसऱ्या घरी आहे. भारतीय पारपत्र असलेला प्रत्येक जण माहितीचा अर्ज करू शकतो. संकेतस्थळ स्वतःच्या नावावर असेल, तर दूतावासात साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र पाठवता येते. भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा, हे मात्र अनेकांच्या ध्यानात राहत नाही. याचिकाकर्ता म्हणून भारतीय नागरिक असावा, कारण अनुच्छेद १९ नागरिकांनाच आहे. परदेशात नोंदलेल्या संस्थेला तो आधार मिळत नाही.

पैशाची अडचण खरी आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, आणि १९९० पासून बौद्धांनाही त्या यादीत स्थान आहे. दिनारात पगार घेणाऱ्या आम्ही ते मागू नये. परंतु लातूरमध्ये घरच्या संगणकावर नियतकालिक चालवणाऱ्या मुलाला हे कलम ठाऊक असले पाहिजे, आणि ते सांगायला त्याला कोणी भेटत नाही.

बहरीनमध्येही काही पाने उघडत नाहीत. येथे आम्ही पाहुणे आहोत, निवासाच्या परवान्यावर राहतो, आणि येथील कायदा पाळतो. त्याविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही व तसा आमचा आग्रहही नाही. ज्या प्रजासत्ताकाचे आम्ही नागरिक आहोत, त्याच्यापुरतेच हे लिहिले आहे.

येत्या १४ एप्रिलच्या जयंतीसाठी वर्गणी गोळा करण्याचे काम सुरू झाले आहे. मंडप, भोजन आणि पाहुण्यांच्या तिकिटांबरोबर एक छोटी रक्कम अशा खटल्यांच्या खर्चासाठी बाजूला काढावी, असा ठराव आम्ही पुढच्या बैठकीत मांडणार आहोत. मुंबई किंवा नागपूर खंडपीठात वकिली करणारे कोणी आपल्या नात्यात, ओळखीत असतील, तर त्यांची नावे बैठकीपूर्वी आमच्याकडे द्यावीत.