तो पत्रा परत बसवा

मे महिन्यातल्या सुट्टीच्या दिवशी खंबाटकी घाटात बॉनेट उघडून कडेला उभ्या राहिलेल्या गाड्या दिसल्या, की ‘ऊन फार आहे’ म्हणून आपण पुढे जातो. ऊन असतेच. पण बॉनेटखालचा मामलाही आता पहिल्यासारखा राहिलेला नाही. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत ठेवले की गाडीवरचा कर कमी बसतो. त्यामुळे आपल्याकडे लहान इंजिनाला टर्बो जोडण्याची रीत चांगलीच रुळली. २०१७ ची नेक्सॉन, २०१९ ची व्हेन्यू, २०२३ ची फ्राँक्स अशा घरोघरच्या गाड्यांमध्ये तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन आले. शोरूममध्ये या इंजिनाच्या ताकदीचे आकडे तोंडपाठ सांगतात. त्याच्या उष्णतेबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

टर्बोचे चाक फिरते ते इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळालेल्या वायूवर. गाडी भरलेली असताना चढावर पेट्रोल इंजिनातला हा वायू ९०० अंश सेल्सिअसच्याही वर जातो. त्याला कोंडून ठेवणारे धातूचे कवच लाल होऊ शकते, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर रबरी होज, प्लास्टिकचे कनेक्टर आणि वायरिंग असते. तापलेल्या धातूतून नुसती उत्सर्जित होणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. तेव्हा तेवढे अंतर पुरत नाही, मध्ये आडोसा लागतो. तो आडोसा म्हणजे हीट शील्ड, अॅल्युमिनियमचा किंवा स्टीलचा पातळ, खळगे पाडलेला पत्रा.

आपल्या गॅरेजांमध्ये सर्वांत जास्त हेळसांड होते ती या पत्र्याची. दोन-चार पावसाळ्यांत त्याचे बोल्ट गंजतात, भोके मोठी होतात आणि गाडी न्यूट्रलला उभी असताना तो खर्रर्र वाजू लागतो. मालक आवाजाची तक्रार करतो. मिस्त्री गंजलेले बोल्ट तोडतो, पत्रा काढून कोपऱ्यात टाकतो. आवाज बंद, गिऱ्हाईक खूश. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सेन्सरच्या कनेक्टरची क्लिप बोटांत धरली की बिस्किटासारखी तुटते, होजचे टोक दगडासारखे होऊन त्याला बारीक चिरा जातात. दर दहा अंशांनी तापमान वाढले की रबर-प्लास्टिकचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. त्या चिरांतून कूलंट झिरपते आणि एके दिवशी घाटात काटा वर चढतो. बिल होजचे निघते. काढून टाकलेल्या पत्र्याची आठवण कोणालाच नसते.

दुसरी हेळसांड अपघातानंतरची. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या असतात आणि इंजिनाखाली कव्हर असते. समोरून येणारी हवा बाजूने निसटू न देता रेडिएटरमधूनच जावी, यासाठी ती योजना असते. बंपरला थोडा धक्का बसला तरी या पट्ट्या तुटतात. विम्याच्या क्लेममध्ये बंपर येतो, दिवा येतो, जाळी येते. पट्ट्या राहून जातात. गाडी बाहेरून नव्यासारखी दिसते, पण वाहतुकीत अडकली की रेडिएटरमागची गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच ओढत बसतो. इंजिनात शिरणारी हवा ३० ऐवजी ६० अंशांची झाली, तर तिची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. त्यात नॉकिंग होऊ नये म्हणून संगणक ठिणगी उशिरा टाकतो. गाडी मंदावते आणि दोष पेट्रोल पंपाच्या माथी मारला जातो. मूळची बंद पेटी काढून उघडा कोन फिल्टर लावणारे हौशी लोक तर हीच गरम हवा पैसे मोजून विकत घेतात.

चालकाच्या हातातली एक गोष्टही सांगायला हवी. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तो तेलाच्या पातळ थरावर. घाट चढून आल्या आल्या चावी फिरवली, तर तेलाचा प्रवाह थांबतो, कवचातली उष्णता बेअरिंगकडे सरकते आणि तिथले तेल जळून काजळी धरते. हल्लीच्या टर्बोभोवती पाणी खेळवलेले असते, त्यामुळे धोका कमी झाला आहे, संपलेला नाही. माथ्यावर पोहोचल्यावर मिनिट-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवावे. गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहिला, तर तो बिघाड समजून त्याची वायर कोणाला काढू देऊ नये.

पत्रा आणि पट्ट्या फार महाग नसतात; त्या बसवायला वेळ लागतो, आणि तो वेळ वाचवण्याची किंमत मालक रस्त्यात अडकून मोजतो. विमा सर्वेक्षकांनी रेडिएटरच्या पट्ट्या आणि खालचे कव्हर आपल्या यादीत स्वतंत्र नोंदवावे. सर्व्हिस सेंटरांनी काढलेला प्रत्येक पत्रा जॉब कार्डावर लिहावा. आणि मालकांनी गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडायला लावावे, मोबाइलचा उजेड टर्बोच्या बाजूला टाकावा. पत्रा जागेवर नसेल, तर सही करू नये.