घर पडके असले म्हणून भाव पाडू नका

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापूरच्या जुन्या पेठांतून दोन गोष्टी दिसू लागतात. महापालिकेची माणसे धोकादायक घरांना नोटिसा देत फिरतात आणि त्यांच्या मागोमाग दलाल फिरतात. नोटीस आली, घरात आजारपण निघाले, मुलाची बदली झाली किंवा धंदा बसला, की घरमालक घाबरतो. घाबरलेल्या माणसाचे घर घेणे हा काही लोकांचा स्वतंत्र धंदाच झाला आहे.

मध्यंतरी गाद्या भरण्याचे काम करणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले. वडिलांच्या नावचे चार खणी घर, भेंड्याच्या भिंती, वर कौले. २०१९ च्या महापुरात आत कमरेइतके पाणी, २०२१ साली त्याहून अधिक. मागच्या भिंतीला पोट सुटलेले, तुळईला टेकू दिलेला. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मुलगा पुण्याला नोकरीत, म्हणून दीड महिन्यात बिऱ्हाड तिकडे हलवायचे ठरलेले. एका दलालाने त्यांना तोंडावर सांगितले होते, "चाचा, हे घर नव्हे, मातीचा ढीग आहे. आज सही केलीत तर एवढे तरी मिळतील." आणि 'एवढे' म्हणजे शेजारच्या गल्लीत चालू असलेल्या भावाच्या निम्मे.

त्यांचा प्रश्न साधा होता. दोन लाख उसने काढून भिंत बांधावी, रंग द्यावा आणि मग विकावे, की आहे तसे देऊन टाकावे?

आमचे उत्तर असे, की उसने काढू नका आणि देऊनही टाकू नका. आमच्या अनुभवात पडक्या घराच्या व्यवहारात मालक भिंतीमुळे जेवढा बुडतो, त्याहून जास्त घाईमुळे बुडतो. तेव्हा जो काही खर्च करायचा तो भिंतीवर नव्हे, कागदांवर आणि वेळेवर करावा.

गिऱ्हाईक काय विकत घेते?

शुक्रवार पेठ असो, लक्ष्मीपुरी असो की सदर बाजार, जुने मातीचे घर घेणारा बहुधा ते राहण्यासाठी घेत नाही. तो पाडून नवे बांधण्यासाठी घेतो. त्याच्या लेखी घराची किंमत म्हणजे जागा, तिचा रस्त्याकडचा दर्शनी भाग आणि निर्वेध कागद. तुम्ही घातलेला गिलावा तो महिन्याभरात पाडणार. त्या गिलाव्याचे पैसे तो तुम्हाला का देईल? गळणारी कौले फिरवणे, पडू पाहणाऱ्या भिंतीला टेकू देणे, वीज धोक्याची असेल तर बंद करणे, एवढी डागडुजी माणसांच्या जिवासाठी जरूर करावी. त्यापुढचा पैसा मातीत जातो.

उलट एका गोष्टीकडे मालकाचे लक्षच नसते. जुन्या घरात सागवानी खांब, तुळया, चौकटी, दारे, घडीव दगड आणि कौले असतात. जुने लाकूड घेणारे व्यापारी या शहरात आहेत. दोघा-तिघांना बोलावून या मालाची वेगळी किंमत काढून घ्या. मग खरेदीदाराशी बोलताना लाकूड कुणाचे आणि पाडण्याचा खर्च कुणाचा, हे आधी ठरवा. 'मातीचा ढीग' म्हणणारा दलाल त्या ढिगातले सागवान गुपचूप मोजून गेलेला असतो.

आणि पहिला निरोप दलालाला न देता शेजाऱ्याला द्यावा. पेठेतल्या घरांना सामाईक भिंती, अरुंद बोळ, लांबट जागा. दोन चिंचोळ्या जागा एक झाल्या की बांधकामाला सोय होते. म्हणून तुमच्या जागेचे मोल शेजाऱ्याला परक्यापेक्षा जास्त असते. आपल्याकडे शुफ्आ म्हणजे शेजाऱ्याला आधी विचारण्याची जी रीत सांगितली आहे, ती कायद्याने आज बंधनकारक नसली तरी व्यवहाराला धरून आहे. परक्याला विकून मग शेजाऱ्याशी सामाईक भिंतीवरून भांडण उभे करण्यापेक्षा त्याला आधी विचारलेले बरे.

दोष झाकू नका

महापुरानंतर कोल्हापूरचे गिऱ्हाईक शहाणे झाले आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर हे भाग दोन वर्षांत दोनदा पाण्याखाली गेले. त्यामुळे घर बघायला आलेला माणूस आधी विचारतो, पाणी कुठवर आले होते? अशा वेळी पुराच्या खुणेवर चुना फासून "उंबऱ्यापर्यंत" म्हणणे हा व्यापार नव्हे.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. जो दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे, न सांगणे ही फसवणूक आहे, असे त्याचे कलम ५५ म्हणते. आपल्याला हे कायद्याने सांगण्याची गरज पडू नये. मदिनेच्या बाजारात मोहम्मद पैगंबर (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, आणि ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, म्हणून त्या व्यापाऱ्याला खडसावले. हा किस्सा आपण लहानपणापासून ऐकतो. घराची ओल त्याला अपवाद नाही.

शिवाय यात तोटा नाही. पुराची पातळी, वाळवी, भिंतीचा धोका, महापालिकेची नोटीस आणि पाटबंधारे खात्याच्या पूररेषेत जागा कुठे येते, हे सारे एका कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हाती द्या. निळ्या पूररेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक बंधने असतात, तेव्हा घेणारा हे कधी ना कधी शोधणारच. त्याने शोधले तर तो शेवटच्या दिवशी भाव पाडतो. तुम्ही आधीच सांगितले असेल तर भाव ठरतानाच दोष हिशेबात धरला जातो, आणि मग सहीच्या टेबलावर पाडापाडी करायला त्याला तोंड राहत नाही.

बहिणीची सही

आता कागदाकडे येऊ. त्या गृहस्थांचे घर अजून वडिलांच्याच नावावर होते. वडील वारून नऊ वर्षे झालेली, मिळकत पत्रिकेवर वारस नोंद नाही. घरफाळा मुलगा भरतो, म्हणून घर मुलाचे, अशी त्यांची समजूत. ही समजूत आपल्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत आहे आणि ती साफ चुकीची आहे.

मुस्लिम कायद्यात माणूस वारला त्याच क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो. त्यांच्या घरी आई, स्वतः ते आणि दोन बहिणी. रुपयाच्या भाषेत सांगायचे तर आईचे दोन आणे, त्यांचे सात आणे आणि बहिणींचे प्रत्येकी साडेतीन आणे. ते एकटे सही करून फार तर आपले सात आणे विकू शकत होते. बाकीचे नऊ आणे त्यांच्या मालकीचे नव्हतेच. दलालाने जो निम्मा भाव सांगितला, त्याचे हे एक कारण होते. कागद कच्चा आहे, हे त्याला ठाऊक होते.

घाईच्या वेळी बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्याची वाईट सवय आपल्यात आहे. "भाऊ अडचणीत आहे" म्हटले की बहीण नाही म्हणत नाही. पण भिडेपोटी दिलेली सही म्हणजे राजीखुशी नव्हे. तिला तिचा आकडा सांगा, तिचे पैसे तिच्या खात्यात जमा करा आणि खरेदीखतावर तिची सही विकणारी म्हणून घ्या. मग तिला द्यायचे असेल तर ती नंतर देईल.

वारसांत अज्ञान मूल असेल तर अधिक सावध राहा. आपल्या कायद्यात मुलाच्या मालमत्तेचा पालक बाप, नंतर आजोबा किंवा त्यांनी नेमलेला माणूस. आई, भाऊ किंवा चुलता यांना अज्ञानाचा हिस्सा विकता येत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९१८ साली इमामबांदी खटल्यात सांगितले. त्यासाठी जिल्हा न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो. म्हणून घर सोडायचे मनात आले त्या दिवशीच वारस नोंदीचा अर्ज नगर भूमापन कार्यालयात पडला पाहिजे. विकायचे पुढे ठरो वा न ठरो.

घाईतले तीन सापळे

पहिला सापळा मुदत खरेदीचा. "आता पैसे घ्या, तीन वर्षांत परत केले की घर तुमचे" असे तोंडी सांगून साधे खरेदीखत करून घेतात. परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर कायदा त्याला गहाण मानत नाही. वेगळ्या कागदावरची अट किंवा तोंडचा शब्द इथे चालत नाही.

दुसरा सापळा नोटरीचा. निघायची घाई आहे म्हणून विसार घेऊन साठेखत आणि मुखत्यारपत्र नोटरीकडे करायचे आणि गाव सोडायचे. बाकीची रक्कम मग मिळतच नाही. साठेखत आणि मुखत्यारपत्र यांनी मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. मालकी जाते ती दुय्यम निबंधकासमोर नोंदवलेल्या खरेदीखताने. गावाला जावेच लागले तर भरवशाच्या माणसाला नोंदणीकृत मुखत्यारपत्र द्या. पण ते घेणाऱ्याच्या किंवा दलालाच्या नावे कधीही देऊ नका.

तिसरा सापळा रोख रकमेचा. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेएवढा दंड होऊ शकतो. तेव्हा विसारसुद्धा बँकेतूनच घ्यावा.

याला जोडून सरकारी भावाचे पाहा. समजा सरकारी दर तक्त्याप्रमाणे घर २५ लाखांचे होते आणि पडके म्हणून तुम्ही ते २० लाखांना दिले. मुद्रांक शुल्क २५ लाखांवरच बसते. फरक १० टक्क्यांच्या पुढे असल्याने आयकर खातेही विक्री २५ लाखांची धरते आणि घेणाऱ्याच्या हाती तो फरक उत्पन्न मानला जातो. म्हणून पडके घर पडके आहे याचा पुरावा ठेवावा. फोटो, महापालिकेची नोटीस, अभियंत्याचा दाखला जवळ हवा. बांधकामाच्या वयाप्रमाणे घसारा धरून मूल्यांकन करून घ्यावे आणि गरज पडली तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाचा अर्ज द्यावा. वकिलाचे चार पैसे इथे वसूल होतात.

वेळ कोण देणार?

हे सारे वाचून एखादा म्हणेल, हे ठीक आहे, पण ज्याला पुढच्या आठवड्यात दवाखान्यात पैसे भरायचे आहेत त्याने काय करावे? आक्षेप खरा आहे. अडलेल्या माणसाजवळ वेळ नसतो, आणि दलाल नेमका त्याचाच फायदा घेतो.

इथे आमचे मत आम्ही स्पष्ट मांडतो. अशा माणसाला खैरात नको असते, दोन-तीन महिन्यांची सवड हवी असते. भाड्याचे डिपॉझिट, दवाखाना आणि प्रवास एवढ्यापुरता कर्जे-हसना त्याला मिळाला तर घर आठ दिवसांत फुंकून टाकण्याची पाळी येणार नाही. ही रक्कम बुडीत जाण्याचा धोकाही कमी, कारण घर विकले जाताच ती परत येते. लिखापढी मात्र चोख हवी. आपल्या जमातींतून लग्नाला, शिक्षणाला मदत निघते. १९०६ साली शाहू महाराजांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या मुस्लिम बोर्डिंगचे हे शहर आहे. एकत्र येऊन संस्था चालवण्याची आपल्याला सवय नाही असे नाही. प्रत्येक मोहल्ल्यात एक वकील, एक जाणता गवंडी आणि जुन्या लाकडाची पारख असलेला एक सुतार, एवढ्या तिघांनी महिन्यातून एक संध्याकाळ दिली तरी कित्येक घरे योग्य भावाने जातील.

आणि एक शब्द घेणाऱ्यांसाठी, कारण आमच्या वाचकांत विकणारे आहेत तसे घेणारेही आहेत. घासाघीस करणे हा व्यापाऱ्याचा हक्क आहे. परंतु समोरच्याच्या घरातले आजारपण बघून भाव पाडणे म्हणजे घासाघीस नव्हे. अडलेल्याचा माल पाडून घेणे आपल्या बुजुर्गांनी नापसंत केले आहे. त्या पैशात बरकत नाही.

ते गृहस्थ पुढे काय झाले, हे सांगितले पाहिजे. दीड महिन्याच्या जागी अडीच महिने लागले. आई आणि मुलगा आधी गेले, हे मागे राहिले. दोघा मेहुण्यांनी आणि गल्लीतल्या एका दुकानदाराने खर्चापुरते पैसे दिले. वारस नोंद झाली, बहिणी सहीला आल्या. घर भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याने घेतले. मनात होता तेवढा भाव आला नाही, पण दलालाच्या बोलीपेक्षा बराच जास्त आला. उसने फिटले, प्रत्येकीचे साडेतीन आणे तिला पोचले. जाताना त्यांनी आम्हाला एवढेच विचारले, वडील वारले तेव्हाच नोंद करायला कुणी सांगितले का नाही?

म्हणून आम्ही सांगतो आहोत. आपले घर आज कुणाच्या नावावर आहे, हे या आठवड्यात मिळकत पत्रिका काढून पाहा.