सत्काराचे फोटो हजार, गाणाऱ्याचा एकही नाही

गेल्या वर्षी श्रीगोंदा तालुक्यातून एका तरुणाचा फोन आला. त्याचे वडील वारले होते. जलदान विधीच्या फ्लेक्ससाठी त्यांचा एक चांगला फोटो हवा होता. "दादा, तुम्ही प्रत्येक कार्यक्रमाला फोटो काढायचात ना? तात्या ढोलकीवर असायचे. एखादा तरी सापडेल."

तात्यांना आम्ही ओळखत होतो. भीमगीतांच्या कार्यक्रमात त्यांची ढोलकी आम्ही अकरा वेळा तरी ऐकली असेल. आम्ही तिघे मित्र लग्नाच्या ऑर्डरवर पोट भरतो आणि जयंतीच्या दिवसांत नगर जिल्हाभर भीमगीतांचे कार्यक्रम टिपतो. रात्री हार्ड डिस्क लावली आणि पाच वर्षांचे फोल्डर उघडले. हार, शाल, श्रीफळ, फीत कापणे, दीपप्रज्वलन असे हजारो फोटो होते. तात्या कुठे होते? एका फोटोत पाहुण्याच्या हारामागून डोकावणारे कोपर, दुसऱ्यात नुसता हात आणि ढोलकीची वादी. चेहरा एकाही फोटोत नाही. शेवटी पोराने आधार कार्डावरचा फोटो मोठा केला. चाळीस वर्षे स्टेजवर बसलेल्या माणसाचा अखेरचा फोटो सरकारी केंद्रातल्या वेबकॅमेऱ्याने काढलेला होता.

ही चूक आमची होती, हे आधी कबूल करतो. पण ती एकट्या आमची नव्हती, म्हणून हा लेख.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या कॉन्सर्टमध्ये फोटोग्राफरला बहुधा पहिली तीन गाणीच स्टेजसमोर उभे राहू देतात, फ्लॅश चालत नाही, मग बाहेर काढतात. आपल्या वस्तीतल्या कार्यक्रमात असे काही बंधन नाही. स्टेजच्या कडेला बसा, हार्मोनियमच्या मागे जा, कोरसमधल्या पोरींच्या शेजारी उभे राहा, कुणी हटकत नाही. एवढी मोकळीक असूनही आपल्याकडे गायकाचा धड फोटो नसतो. कारण मंडळाची सूचना ठरलेली असते: "पाहुणे आले की त्यांना सोडू नका." सत्कार साडेनऊपर्यंत चालतात. दहाला माइक बंद करायचा असतो, गाडीतले पोलीस घड्याळ बघत असतात. उरलेल्या अर्ध्या तासात गायक घाईघाईने चार गाणी उरकतो, आणि तेवढ्यातही कुणीतरी स्टेजवर येऊन नोटा देताना फोटो काढायला लावतो.

तांत्रिक अडचणीही आहेत. मंडपवाला लाल-निळे एलईडी दिवे थेट गायिकेच्या तोंडावर मारतो. आपल्याला निळा रंग प्रिय आहे हे खरे, पण निळ्या दिव्यात चेहरा नुसता डाग होऊन जातो. ढोलकीवरचा हात स्पष्ट हवा तर शटर एक भाग अडीचशेच्या आसपास ठेवावे लागते. मग उजेड कमी पडतो, आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. यावर उपाय अवघड नाही. स्वस्तातली ५० एमएमची लेन्स आणि समोरून दोन साधे पांढरे दिवे पुरतात. हजारोंचा डीजे आणणाऱ्या मंडळाला दोन पांढरे दिवे जड नाहीत. पण ते मागायला हवेत असे आम्हालाही कधी वाटले नाही, कारण गाणाऱ्याचा चेहरा कुणी मागितलाच नव्हता.

मित्रांनो, आपल्या माणसाचा फोटो समाजात कुठे कुठे दिसतो, ते एकदा मोजून पाहा. एक, अत्याचार झाल्यावर. दोन, नेता झाल्यावर किंवा नेत्याच्या शेजारी उभे राहिल्यावर. या दोन्हींच्या मध्ये जगणारा, राबणारा, गाणारा माणूस कुठे आहे?

आपल्या जिल्ह्यातले हरेगाव घ्या. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावात १६ डिसेंबर १९३९ रोजी बाबासाहेबांनी वतनदारांची परिषद घेतली. वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या वेठबिगारीविरुद्ध तिथे आवाज उठला. आजही दर १६ डिसेंबरला लोक तिथे जमतात, गाणी होतात. त्याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून चार तरुणांना झाडाला उलटे टांगून मारले. त्याचा व्हिडिओ मोबाइलवरून राज्यभर फिरला. आता इंटरनेटवर हरेगाव शोधले तर आधी काय दिसते? झाड दिसते. १९३९ ला हजारोंच्या संख्येने तिथे चालत आलेल्या बाया-माणसांचे चेहरे दिसत नाहीत.

हा प्रश्न कॅमेरा कुणाच्या हातात आहे याचा आहे. मारणाऱ्याकडे मोबाइल असतो, तेव्हा तो फोटोही माराचाच भाग होतो. सोनई, खर्डा, जवखेडे ही गावे महाराष्ट्राला पंचनाम्यातून ठाऊक झाली. शिर्डीत मे २०१५ मध्ये मोबाइलवर बाबासाहेबांचे गाणे वाजले म्हणून एका नर्सिंगच्या विद्यार्थ्याचा खून झाला. ज्या जिल्ह्यात आपले गाणे जीव घेण्याचे निमित्त होऊ शकते, त्या जिल्ह्यात ते गाणे गाणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्याचा चेहरा जपणे हा हौसेचा विषय कसा असेल?

अत्याचाराचे फोटो काढूच नयेत, असे आम्ही म्हणत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे कॅमेऱ्याने समोर आणले. महाराष्ट्रातल्या जातीय अत्याचारात माणूस गमावलेल्या कुटुंबांचेही फोटो त्यांनी काढले. त्यात आपल्या जिल्ह्यातल्या खर्ड्याचे आईवडीलही आहेत. त्या फोटोंत आईबाप प्रेत होऊन पडलेले नाहीत, ते आपल्याकडे सरळ बघतात आणि उत्तर मागतात. फरक इथेच आहे. समोरच्याला आधी माणूस मानून काढलेला फोटो आणि समोरच्याला पुरावा मानून काढलेला फोटो, दोन्ही कॅमेऱ्यानेच निघतात, पण एक नसतात.

ही गोष्ट अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीने फार आधी ओळखली. गुलामीतून पळून स्वतंत्र झालेले फ्रेडरिक डग्लस हे एकोणिसाव्या शतकातले सर्वाधिक फोटो निघालेले अमेरिकन मानले जातात. त्यांचे सुमारे १६० वेगवेगळे फोटो आज ज्ञात आहेत. ही हौस नव्हती. काळ्या माणसाची टिंगल करणारी व्यंगचित्रे गावोगाव विकली जात होती, त्यांना उत्तर म्हणून डग्लस नीटनेटका कोट घालून, गंभीर नजरेने कॅमेऱ्यासमोर बसत. बाबासाहेबांचा सूटबूट आणि त्यांची कॅमेऱ्यावरची ठाम नजर आठवा. त्यांच्यावरही वर्तमानपत्रांनी कुत्सित व्यंगचित्रे काढली. आज ती व्यंगचित्रे कुणाच्या घरात नाहीत. बाबासाहेबांचा फोटो मात्र घराघरात आहे.

आणि रमाई? राजगृहावर फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेला कुटुंबाचा एक फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि पायाशी टोबी कुत्रा. त्यानंतर सव्वा वर्षातच, २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. तो फोटो त्या दिवशी निघाला नसता तर? आज रमाईंचा चेहरा आपल्यासमोर येतो तो अशा मोजक्या फोटोंमुळे.

७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. ती चित्रित करून ठेवली पाहिजे, हे नामदेव व्हटकर यांना सुचले. त्यांनी पदरमोड करून कॅमेरा आणि रीळ उभे केले आणि तो जनसागर टिपला. कुठल्या सरकारने किंवा बड्या स्टुडिओने नव्हे, आपल्यातल्या एका माणसाने स्वतःच्या खिशातून हे केले, म्हणून आपण ती गर्दी आज पाहू शकतो. आपल्यापैकी किती जणांना व्हटकरांचे नाव ठाऊक आहे?

आता पोर्ट्रेटबद्दल. आमच्याकडे फोटो काढायला येणारा दर दुसरा माणूस म्हणतो, "जरा गोरा करा." पासपोर्ट फोटोवर संगणकात कोट चिकटवायला सांगतात. कोटाबद्दल आमची तक्रार नाही. पूर्वी स्टुडिओत खुंटीला एक कोट टांगलेला असायचा आणि आपले आजोबा तो अंगात घालून ताठ बसायचे. ज्यांना धड कपडा घालू दिला जात नव्हता, त्यांचा तो कोट म्हणजे बंड होते. पण कातडी गोरी करणे हे बंड नाही, ती शरणागती आहे. यात यंत्रही निष्पाप नाही. कोडॅक कंपनी रंग तपासायला छपाईच्या दुकानांना एक नमुन्याचे कार्ड पाठवायची. 'शर्ली कार्ड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या कार्डावर गोऱ्या बाईचा फोटो असे. तिची त्वचा नीट छापली गेली की रंग बरोबर, असे गणित. कितीतरी वर्षे काळ्या-सावळ्या चेहऱ्यांचे तपशील त्यात बुडाले. आज मोबाइलचा ब्यूटी मोड तेच काम न विचारता करतो. आम्ही आता गिऱ्हाईकाला दोन फोटो दाखवतो, एक त्याने मागितलेला आणि एक खिडकीच्या उजेडात काढलेला, रंगाला हात न लावलेला. बायाबापड्या बहुतेकदा दुसराच फोटो उचलतात. म्हणतात, "हा माझ्या आईसारखा दिसतोय."

काही कार्यकर्ते म्हणतील, "लोक मरताहेत, नोकऱ्या जाताहेत, आणि तुम्हाला फोटोचे पडले आहे!" त्यांना आमचा सवाल आहे. १९३० च्या दशकात गावोगाव फिरणारे आंबेडकरी जलसे चळवळीचा भाग होते की करमणूक? ते जलसे भाषणाआधी लोकांच्या मनाची मशागत करीत. त्यांतल्या किती कलावंतांचे चेहरे तुम्ही ओळखता? वामनदादा कर्डक १५ मे २००४ ला गेले. आयुष्यभर गावोगाव गात फिरलेल्या त्या माणसाचे तेच ते चार-पाच फोटो आपण फ्लेक्सवर फिरवतो. ज्यांच्या पाठीशी घराणी आणि अकादम्या आहेत, त्यांच्या गायकांचे फोटो दिनांकासह कपाटात असतात. आपले कपाट कुठे आहे?

दुसरे म्हणतील, "आता सगळ्यांकडे मोबाइल आहे." खरे आहे. कडूबाई खरात यांची एकतारी महाराष्ट्रभर पोचली ती मोबाइलच्या व्हिडिओमुळेच. पण मोबाइलमधला फोटो मोबाइलसोबत जातो. मेमरी भरली की आधी जयंतीचे व्हिडिओ उडतात. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, पुढे छापायच्या कामाचा राहत नाही. काढणे सोपे झाले आहे, जपण्याचे काम कुणीच करत नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या मंडळांना आणि तरुणांना आमचे सांगणे असे.

एक. प्रत्येक कार्यक्रमाआधी दहा मिनिटे काढा. गायक, कोरस, ढोलकी, हार्मोनियम, साऊंडवाला या प्रत्येकाचा पांढऱ्या उजेडात एकेक फोटो घ्या. सत्कार त्यानंतर.

दोन. फोटोसोबत नाव, गाव, तारीख आणि वाद्य लिहा. मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि एक प्रिंट कलावंताच्या घरी पोचवा.

तीन. फोटोग्राफरला ठरलेले पैसे द्या आणि फोटोखाली नाव टाका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणून आधीच दोन ओळींचा करार करा. "समाजाचे काम आहे" म्हणून मंडपवाल्याचे बिल कुणी बुडवत नाही, मग आपल्याच पोराचे का?

चार. अत्याचारग्रस्त कुटुंबाचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका, फिरवू नका. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हाच आहे. लाइक मिळवण्यासाठी आपल्याच बहिणीची दुसऱ्यांदा विटंबना करू नका.

आम्ही आमच्यापासून सुरुवात केली आहे. गेल्या एप्रिलपासून आम्ही मंडळाला आधीच सांगतो: कलावंतांचे फोटो पहिले, पाहुणे नंतर. दोन ठिकाणी ऑर्डर गेली. एका ठिकाणी अध्यक्ष स्वतः येऊन कोरसमधल्या आजीच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "घ्या आता." त्या आजी पंचवीस वर्षे गातात. त्यांनी पदर सारखा केला, ओठ मिटले आणि कॅमेऱ्याकडे बघितले. फोटो झाल्यावर विचारले, "हा मला मिळंल ना, बाळा?"

मिळाला. मोठा करून, फ्रेम लावून आम्ही तो त्यांच्या घरी नेऊन दिला. भिंतीवर बाबासाहेब आणि रमाई होत्या, त्यांच्या खालच्या खिळ्यावर आजींनी स्वतःचा फोटो लावला. तात्यांसाठी आम्हाला हे करता आले नाही. तुमच्या वस्तीतले तात्या अजून ढोलकी वाजवत असतील, तर येत्या कार्यक्रमात पहिला फोटो त्यांचा काढा.

जयभीम! जय संविधान!