गदा कोणत्या राज्याची?

चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे 1959 साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून हिंदकेसरी झाले. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात जाऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. गाव इकडं, तालीम कोल्हापुरात. आणि मिरवायला दोन्हीकडची माणसं पुढं! डिसेंबर 2020 मध्ये ते कोल्हापुरात वारले.

या अंकाचा विषय आहे पैलवानाची कारकीर्द. बेळगावच्या कॅम्पापासून निपाणीपर्यंतच्या आमच्या वाचकांत पोराला तालमीत धाडणारे आईबाप आजही आहेत. खुराकाचा खर्च वाढतो आहे, आणि मातीत तयार झालेल्या पोराला नोकरीसाठी, पदकासाठी मॅटवरच उतरावं लागतं. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं ते मॅटवरच. त्यांना पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, हे आपण अभिमानानं सांगतो. खरं तर त्यात सरकारला लाज वाटावी असंच जास्त आहे.

म्हणून आम्ही गदेच्या फोटोंपेक्षा हिशेबाच्या वहीकडं अधिक पाहिलं आहे: दूध-बदामाचे पैसे कोण देतं, गुडघा गेल्यावर काय, चाळिशीनंतर पैलवान करतो काय. मुलींच्या कुस्तीवर स्वतंत्र लेख आहे. तो आधी वाचा, असा आमचा आग्रह.

तुमच्या गल्लीतली तालीम चालू आहे की तिथं आता गाळे झाले? जत्रेतल्या जुन्या मैदानांच्या आठवणी, हँडबिलं, फोटो जरूर पाठवा. आमच्याशी पटलं नाही, तर तेही कळवा.