बाहेर विनय, घरांत कोप

कर्वेनगर म्हटलें म्हणजे आज उंच इमारती, दुकानें आणि वाहनांची गर्दी डोळ्यांपुढें येते. पूर्वीं हें हिंगणें बुद्रुक नांवाचें खेडें होतें. १८९६ सालीं स्थापन झालेल्या अनाथ बालिकाश्रम मंडळीचा विधवाश्रम धोंडो केशव कर्वे यांनीं १९०० सालीं पुणें शहरांतून येथील माळावरच्या एका झोपडींत आणला. फर्ग्युसन कॉलेजांतील शिकविणें आटोपून कर्वे तेथें पायीं जात.

त्या काळच्या विधवांस गांजिलें कोणीं, हा प्रश्न आम्ही आमच्या वाचकांस विचारतों. चोरदरोडेखोरांनीं नव्हे, परचक्रानेंही नव्हे. केशवपन करविण्यास सरकारचा शिपाई येत नसे. बाप, दीर, सासू हींच तें करवीत. आणि ज्या घरांत ती मुलगी लाडानें वाढली, त्याच घरांत तिच्या ताटांतील घांस मोजले जात. परक्याला जें करवणार नाहीं, तें आपल्याच माणसास करवतें, हें मोठें विलक्षण आहे.

कोणी म्हणतील, राग अनावर होतो, त्यास इलाज काय? आम्हांस हें मान्य नाहीं. उधारी थकविणारें गिऱ्हाईक दुकानांत येऊन उलट चार शब्द सुनावतें, तेव्हां शेटजी हंसून बसावयास सांगतात. कचेरींत साहेब अपमान करितो, तेव्हां कारकून मान खालीं घालतो. तोच राग सायंकाळीं घरीं आला म्हणजे अनावर कसा होतो? वड्याचें तेल वांग्यावर निघतें, कारण गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जाऊं शकतें, साहेब कामावरून काढूं शकतो. बायको, मूल आणि थकलेली आई मात्र कोठेंच जाऊं शकत नाहींत. त्यांनीं क्षमा करावी, हें आपण गृहीतच धरिलेलें असतें. अर्थात् हा राग आंधळा नव्हे. त्यास माणूस निवडतां येतें.

सुधारणेचा कैवार घेतल्यानें मनुष्य यांतून सुटतो असेंही नाहीं. गोपाळराव जोशी यांनीं आनंदीबाईंस शिकविण्याचा ध्यास घेतला. त्या ध्यासामुळेंच १८८६ सालीं अमेरिकेंत त्यांस वैद्यकाची पदवी मिळाली. परंतु त्याच गोपाळरावांच्या हातचा मार बालपणीं खाल्ल्याची आठवण आनंदीबाईंनीं अमेरिकेंतून पतीस लिहिलेल्या पत्रांत काढिली आहे. हेतु चांगला होता. तरी मार तो मारच. 'माझी' म्हटलें कीं तिच्यावर आपली मालकी आली, ही समजूत विद्वानासही सोडीत नाहीं. आणि मार खाल्लेलें मूल मोठेपणीं हात उगारतें, गांजलेली सून पुढें सुनेस गांजते. अशा रीतीनें हा वारसा इस्टेटीपेक्षां अधिक नियमितपणें पुढच्या पिढीस मिळतो.

उपदेशानें हें थोडें कमी होईल, पण केवळ उपदेशानें नव्हे. हिंगण्याच्या झोपडीनें प्रथम काय केलें? घराबाहेर एक दार उघडलें, आणि त्या दारापलीकडे विद्या व पोटापुरती मिळकत ठेविली. जिला जातां येतें, तिच्याशीं घरचे लोकही जपून बोलतात. २००५ सालीं कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध झालेला कायदा २००६ पासून अंमलांत आहे. त्यानें पीडित स्त्रीस संरक्षणाचा आदेश मागण्याचा आणि त्याच घरांत राहण्याचा हक्क दिला. आईबापांच्या पोषणासाठीं मुलांवर २००७ सालीं कायदा करावा लागला, ही गोष्ट मात्र आम्हां सर्वांस मान खालीं घालावयास लावणारी आहे.

कायदा कोर्टांत असतो. रोजचें वर्तन आपल्या हातीं आहे. आमच्या व्यापारी बंधूंनीं आज दुकानास कुलूप लावितांना एवढेंच मनाशीं विचारावें: दिवसभर परक्यांस जो गोड शब्द दिला, त्यांतला घरच्यांसाठीं किती शिल्लक ठेविला आहे? ज्यांस सोडून जातां येत नाहीं, त्यांच्याशीं आपण जसें वागतों, तीच आपली खरी पत होय.